दुसऱ्या पसंतीचं मत

ऑस्ट्रेलिया मी अजून पाहिलेला नाही आणि पाहायची इच्छाही नाही, पण त्या देशाचा हेवा मी गेली कित्येक वर्षं मनापासून आणि नियमाने करत आले आहे. सकाळी चहा घेताना कॅनडातल्या आमच्या व्हिटबी गावच्या बातम्यांच्या आधी मी तिथल्या बातम्या वाचते. तिथे मतदान शनिवारी असतं, सगळ्यांना सक्तीचं असतं, शाळेच्या आवारात शेगडी मांडून ब्रेडच्या स्लाइसमध्ये सॉसेज आणि परतलेला कांदा घालून विकतात आणि लोक जत्रेला आल्यासारखे मुलांना घेऊन मत द्यायला येतात. मतपत्रिकेवर फुली मारत नाहीत, उमेदवारांना एक, दोन, तीन असे पसंतीचे नंबर देतात. आपला पहिल्या नंबरचा माणूस मोजणीत बाद झाला तर आपलं मत दुसऱ्या नंबरकडे जातं, वाया जात नाही. इथे कॅनडात मी जन्मभर तिसऱ्या येणाऱ्या पक्षाला फुली मारत आले आहे आणि दर वेळी घरी येऊन स्वतःलाच समजावत आले आहे की मत वाया गेलेलं नाही. मध्ये एकदा इथली पद्धत बदलण्याचं वचन मिळालं होतं, ते गुपचूप मागेही घेतलं गेलं. त्या दिवशी हेव्यापोटी मी ऑस्ट्रेलियावरच चिडून होते. तिथे निर्वासितांना समुद्रापलीकडच्या बेटांवर डांबलं की मी संतापते, तिथून कोळशाची जहाजं सुटतात तेव्हा आमच्याकडच्या तेलाच्या पाइपलाइनींकडे बघून गप्प बसते. तिथल्या मूळ रहिवाशांना संसदेपुढे स्वतःचा आवाज देण्याचा प्रस्ताव लोकांनी मतदानात पाडला, तेव्हा मला फार वाईट वाटलं आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी थोडं बरंही वाटलं: बघा, तुमच्या त्या छान पद्धतीतूनही हेच निघालं ना! एडमंटनला असलेल्या माझ्या मुलीला फोनवर हे सगळं सांगायला लागले की ती म्हणते, ‘आई, इट्स नॉट इव्हन युअर कंट्री.’ खरं आहे. तो माझा देश नाही. तो मुक्ताचा देश आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे.

मुक्ता माझी आतेबहीण. बाबांची धाकटी बहीण सुमनआत्या लग्न होऊन मेलबर्नला गेली आणि बाबा आईला आणि आठ वर्षांच्या मला घेऊन नागपूरहून व्हिटबीला आले, म्हणजे आपापसांत ठरवल्यासारखी दोघं भावंडं पृथ्वीच्या दोन टोकांना जाऊन बसली. मी शाळेच्या शेवटच्या वर्षात होते तेव्हा मुक्ता टोरोंटोच्या विद्यापीठात एका वर्षासाठी राज्यशास्त्र शिकायला आली. शहरातल्या खोल्यांची भाडी ऐकून आत्या घाबरली आणि बाबांनी फोनवरच सांगून टाकलं की आमचं बेसमेंट रिकामंच आहे. ते रिकामं नव्हतं. तिथे माझा टीव्ही होता, माझा सोफा होता आणि दार लावून एकटं बसायची माझी एकमेव जागा होती. बाबांनी एका शनिवारी ते सगळं एका कोपऱ्यात सरकवलं, नवी गादी आणली, खिडकीला पडदा लावला आणि वर येऊन मला म्हणाले, तुला काही प्रॉब्लेम नाही ना? मी म्हणाले, ‘व्हॉटेव्हर.’

त्या घरात आवाज कसे होते ते सांगायला हवं. घर तापवणारी भट्टी सुरू झाली की जमिनीतल्या जाळ्यांमधून गरम हवा सुस्कारा टाकल्यासारखी वर यायची आणि मी आणि बाबा दोघंही स्वयंपाकघरातल्या त्याच एका जाळीवर पाय ठेवायला धडपडायचो. आई पातोडीच्या रश्श्याला फोडणी घालायची तेव्हा धुराचा अलार्म हमखास बोंबलायचा आणि ती हातातली पळी न सोडता वर्तमानपत्राने त्याला वारा घालायची. ती एका नर्सिंग होमच्या ऑफिसात काम करायची, दिवसभर इंग्रजीत गोड बोलून यायची आणि घरात शिरताक्षणी नागपूरची व्हायची. बाबा वीज कंपनीत ड्राफ्ट्समन होते. तरुणपणी नागपुरात त्यांनी समाजवादी पोरांच्या मोर्च्यांत झेंडा धरला होता आणि तो त्यांनी मनातल्या मनात इथवर आणला होता. निवडणूक आली की आमच्या अंगणात त्या तिसऱ्या येणाऱ्या पक्षाची नारिंगी पाटी लागायची. आमच्या क्रिसेंटवर, त्या अर्धगोल गल्लीत, सगळीकडे निळ्या आणि लाल पाट्या, नारिंगी आमची एकटीच. वाऱ्याने ती पडली की बाबा स्लिपर घालून बाहेर जायचे आणि पुन्हा रोवून यायचे. शाळेची बस तिथेच थांबायची, त्यामुळे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

माझ्याशी बाबा काय बोलायचे? जेवलीस का, होमवर्क झालं का, जॅकेटची चेन लाव. मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, तेही एका शब्दाचं. मराठी मला येत नव्हतं असं नाही, पण तिसरीत असताना ते जे जिभेवरून उतरलं ते उतरलंच. ते पुन्हा चढवायचं म्हणजे मोठेपणी पोहायला शिकण्यासारखं होतं, चारचौघांत नाकातोंडात पाणी जाणार. एकदा टीव्हीवर काही चर्चा चालली होती, मी विचारलं होतं की आपण नेहमी हरणाऱ्याच पार्टीला का मत देतो. बाबा म्हणाले, तुला नाही कळायचं ते, मोठी झालीस की सांगीन. मी मोठी होऊन बसले होते, पण त्यांचं सांगायचं राहूनच गेलं होतं.

आणि मग मुक्ता आली. तिचं मराठी माझ्यापेक्षा वाईट होतं हे मी आजही शपथेवर सांगेन. ‘ळ’ तिला यायचा नाही, भांडं पुल्लिंगी आणि चमचा स्त्रीलिंगी असा तिचा कारभार होता आणि सगळ्या स्वरांना मेलबर्नचा हेल. पण तिला त्याची तिळमात्र लाज नव्हती. पहिल्याच रात्री जेवताना बाबा ऑस्ट्रेलियाचं कौतुक करायला लागले, की सक्तीचं मतदान म्हणजे खरी लोकशाही, तर ती घास खाली ठेवून म्हणाली, ‘मामा, तुमचं चुकतंय. लोक फाइन भरायला लागू नये म्हणून येतात. आमच्याकडे सिस्टिम चांगली आहे, माणसं सेमच आहेत.’ मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं आता चिडणार. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला जेवण जाईना. त्या घरात कोणीतरी त्यांना आवडीने चूक ठरवत होतं. आई ठरवायची, पण तिचे विषय वेगळे होते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच. मुक्ता टोरोंटोहून ट्रेनने यायची, बाबा स्टेशनवर गाडी घेऊन आधीच उभे. मला शाळेतून यायला बस होती ना! जेवण झालं की आई भांडी काढायची, मी पुसायची आणि टेबलाशी ती दोघं. बाबा संत्रं सोलायचे, पांढरे धागेसुद्धा काढून एकेक फोड तिच्यापुढे ठेवायचे आणि बोलायचे. मुक्ता आपल्या देशाला सोडत नव्हती. वाळवंटातल्या छावण्यांमध्ये निर्वासितांची लेकरं कुंपणाच्या आत ठेवली आहेत हे सांगताना तिचा आवाज चढायचा. एका हत्याकांडानंतर सरकारने लोकांच्या बंदुका परत घेतल्या हे सांगताना तीच मुलगी अभिमानाने ताठ बसायची आणि लगेच म्हणायची की ते उजव्यांनी केलं, डाव्यांनी नाही, आणि हे कबूल करताना माझं पोट दुखतं. बाबा पसंतीक्रमाच्या मतदानावर येऊन थांबायचे. तिथे ते लहान मुलासारखे व्हायचे. म्हणजे तिसऱ्याला मत दिलं तरी चालतं? कोणी म्हणत नाही की मतं फोडलीस? ती कागदावर रकाने काढून मोजणी कशी होते ते पुन्हा समजावून सांगायची आणि बाबा ‘वा’ म्हणायचे. अशी ‘वा’ माझ्या आठवणीत त्यांनी मला कधी दिली नव्हती, गणितात पहिली आले तेव्हाही नाही. तेव्हा ते म्हणाले होते, छान, आता असंच टिकव.

मला मुक्ताचा हेवा वाटत होता असं म्हणणं सभ्यपणाचं होईल. माझा जळफळाट होत होता. तिच्या बुटांचा, तिच्या हसण्याचा, तिच्या केसांना येणाऱ्या माझ्याच शाम्पूच्या वासाचा मला राग यायचा. पहिला बर्फ पडला त्या सकाळी बाबांनी तिला हाका मारून अंगणात नेलं, हातात फावडं दिलं आणि ड्राइव्हवे शोव्हल करताना तिचे फोटो काढून आत्याला पाठवले. मी दर हिवाळ्यात तोच ड्राइव्हवे शोव्हल करत होते, माझा एक फोटो नाही. आईने माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, पाहुणी आहे ती, वर्षभराची. मी म्हणाले, ‘आय डोन्ट केअर.’ आई म्हणाली, हो नं, दिसून राहिलंय. सगळ्यात वाईट हे की मुक्ता चांगली होती. मेलबर्नहून तिने माझ्यासाठी जाकीट आणलं होतं, माझे निबंध तपासून द्यायची, मला टेबलाशी बोलवायची. मी जायची नाही. तिने ब्रेडवर लावायचं काळं, खारट काहीतरी आणलं होतं, ते आईने एकदा चाखलं आणि फ्रिजमध्ये इतकं मागे सरकवलं की मला आईचा अभिमान वाटला.

भांडी पुसता पुसता मी ऐकत मात्र होते. एकही शब्द सोडत नव्हते. शाळेच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी बाबांना द्यायची उत्तरं मराठीत जुळवायची, मुक्ताचे मुद्दे खोडायची, तिच्यापेक्षा चांगले मुद्दे काढायची. ‘बहुमत’, ‘अल्पसंख्य’, ‘पसंतीक्रम’ हे शब्द ओठ न हलवता पाठ करायची. आज लोक विचारतात की इथे वाढून तुमचं मराठी इतकं कसं राहिलं, तेव्हा मी आईवडिलांचे संस्कार वगैरे सांगते. खरं म्हणजे ते राहिलं नव्हतं. मुक्तावर जळून जळून मी ते परत मिळवलं.

आमच्या भागातलं मराठी मंडळ लहानसं होतं. टोरोंटोच्या पूर्वेकडच्या गावांत विखुरलेली कुटुंबं, त्यांत पुण्यामुंबईची आणि आमच्यासारखी नागपूरची हिंदू आणि वसईची ख्रिस्ती घरं. अध्यक्ष कोण हे कोणाच्या तरी घरी पोहे खाताना ठरायचं आणि जानेवारीच्या सभेत टाळ्या वाजवून जाहीर व्हायचं. त्या वर्षी ते जमलं नाही, पटवर्धनकाका आणि बाबा दोघंही अध्यक्षपदासाठी उभे राहिले. पटवर्धनकाकांना मंडळाची स्वतःची इमारत हवी होती आणि त्यासाठी वर्गणी वाढवायची होती. बाबांना वर्गणी कमी करायची होती, नव्याने आलेल्यांना आणि विद्यार्थ्यांना फुकट सभासद करायचं होतं आणि गणपतीइतक्याच थाटात मंडळाने नाताळ करावा असं त्यांचं म्हणणं होतं, कारण वसईकर इतकी वर्षं आपल्या आरतीला उभे राहतात आणि आपण त्यांच्या कशालाच जात नाही. हे सगळं योग्य होतं. बाबांचं म्हणणं नेहमी योग्यच असायचं. पण पटवर्धनांच्या बाजूला माणसं जास्त होती, सरळ लढतीत बाबा पडणार हे उघड होतं.

तेव्हा बाबांनी आणि मुक्ताने टेबलाशी बसून बेत केला. मंडळाची निवडणूक ऑस्ट्रेलियन पद्धतीने घ्यायची. सर्वसाधारण सभेत बाबांनी ठराव मांडला, मुक्ताने आपल्या त्या मोडक्या मराठीत इतकं गोड समजावून सांगितलं की पटवर्धनकाकासुद्धा हो म्हणाले. सोळा वर्षांवरच्या मुलांनाही मत मिळालं. सक्तीच्या मतदानावर मात्र थोडी हुज्जत झाली. दंड कोण भरणार? शेवटी असं ठरलं की जो मत द्यायला येणार नाही तो गणपतीच्या जेवणाची मोठी पातेली घासणार. त्यानंतर कोणीही घरी राहणार नाही हे नक्की झालं.

एकच अडचण उरली. उमेदवार दोनच असतील तर दुसऱ्या पसंतीला अर्थ काय? तिसरा हवा होता. बाबांनी सायमन लोपीसकाकांना फोन केला. ते वसईचे, इथल्या कॅथलिक शाळेत संगीत शिकवायचे, मुलांचं कॉयर म्हणजे गायकवृंद बसवायचे, उंच, गडगडाटी हसणारे. लोपीसकाकूंचे मैद्याचे तळलेले फुगे आमच्या घरी दर नाताळात यायचे आणि त्यांच्या बदल्यात आईचा दिवाळीचा डबा जायचा. मी स्वयंपाकघरात होते, बाबा भिंतीवरच्या फोनवर बोलत होते, त्यामुळे अर्धं संभाषण मी नीट ऐकलं. ‘तू नुसता उभा राहा रे सायमन. तुझी माणसं पहिला नंबर तुला देतील, दुसरा मला द्यायला सांग. तुला काही करायचं नाही, बाकीचं मी बघतो.’ फोन ठेवून ते मुक्ताला म्हणाले, झालं, आला आपला तिसरा उमेदवार. तिने त्यांच्या हातावर टाळी दिली, पण मग विचारलं की लोपीसकाकांना जिंकायचं असेल तर? बाबा हसले. म्हणाले, सायमनला? त्याला कॉयर पुष्कळ आहे.

पुढचा महिनाभर बाबांनी घरोघरी जाऊन पसंतीक्रम शिकवला. लोक चहा द्यायचे, बाबा कागदावर रकाने काढायचे. मुक्ताने ऑस्ट्रेलियात पक्ष वाटतात तशा चिठ्ठ्या छापून घेतल्या: पहिला नंबर बाबांना, दुसरा लोपीसांना, तिसरा पटवर्धनांना. बाबांनी लोकांना मत कसं द्यायचं हे इतकं मन लावून शिकवलं की ते आपल्यालाच का द्यायचं हे सांगायचं राहून गेलं. तेवढ्या काळात लोपीसकाकांनी सगळ्या घरी फोन केले. आमच्याही घरी आला, आईबाबा दोघं बाहेर होते, मी उचलला. मला वाटलं ते बाबांसाठी निरोप देतील. ते म्हणाले, ‘नाही ग, तुझ्याशीच बोलायचंय. आता तुला मत आहे. मंडळात तुला काय हवंय?’ मी म्हणाले, ‘आय डोन्ट नो, अंकल.’ ते म्हणाले, मग विचार कर, मी थांबतो. आणि ते खरंच फोन धरून थांबले. मी त्यांना सांगितलं की आम्हा मुलांना सभेत शेवटी नाच करायला बोलावतात आणि मग घरी पाठवतात, आम्हाला कोणी काही विचारत नाही. मराठीत सांगितलं. दोन वाक्यं अडखळले, तिसरं सरळ आलं. ते म्हणाले, लिहून घेतो.

मतदान रविवारी दुपारी झालं, भाड्याने घेतलेल्या एका शाळेच्या जिममध्ये. दारात ओल्या बुटांचा ढीग, आत तळणाचा वास. ऑस्ट्रेलियाच्या सॉसेजला तोड म्हणून आईने आणि लोपीसकाकूंनी ब्रेडच्या स्लाइसमध्ये बटाटेवडा आणि परतलेला कांदा घालून द्यायचं ठरवलं होतं. सगळं मंडळ वर्षानुवर्षांत दिसलं नव्हतं इतकं तिथे हजर होतं. पातेल्यांची भीती! वयस्कर मंडळी चिठ्ठी हातात धरून नंबर घालत होती, कोणी चूक झाली म्हणून नवा कागद मागत होतं. मी बास्केटबॉलच्या खांबाआड उभी राहून नंबर घातले. मला फार शांत वाटत होतं.

मोजणी मुक्ताने सगळ्यांसमोर टेबलावर केली. पहिल्या पसंतीत पटवर्धनकाका पुढे, पण निम्म्याच्या आत. हे बाबांनी धरलंच होतं, ते मान हलवून हसत होते. मग मुक्ता थांबली. तिने दोन गठ्ठे पुन्हा मोजले. लोपीसकाका दुसरे होते, बाबा थोडक्यात तिसरे. नियमाप्रमाणे तिसरा बाद. बाबा बाद झाले आणि त्यांच्या मतांच्या कागदांवरची दुसरी पसंती बघायची वेळ आली. ती तर बाबांनीच सगळ्यांना छापून दिली होती. एकेक कागद मुक्ता उचलायची, ‘लोपीस’ म्हणायची आणि तिकडे ठेवायची. त्यांतला एक कागद बाबांचा स्वतःचा होता. गठ्ठा संपला तेव्हा सायमन लोपीस मंडळाचे अध्यक्ष झाले होते, पहिले वसईकर अध्यक्ष.

बाबांनी त्यांना मिठी मारली, सगळ्यांसमोर चार चांगले शब्द बोलले. लोपीसकाकांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते म्हणाले, तुझ्यामुळे झालं हे. जिममध्ये टाळ्या वाजल्या. मग आम्ही गाडीत बसलो. मुक्ता पुढे त्यांच्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, ‘मामा, आय नो इट हर्ट्स, पण सिस्टिम चालली. तुमच्या एकाही माणसाचं मत वाया नाही गेलं.’ बाबांनी वायपरचा वेग वाढवला. वायपर बर्फाचं पाणी इकडून तिकडे सारत होते. मी मागे बसून त्यांच्या मानेकडे बघत होते आणि मला वाटलं होतं तसं बरं वाटत नव्हतं.

घरी आल्यावर आईने उरलेले वडे गरम केले, कोणी खाल्ले नाहीत. बाबा टेबलाशी बसून म्हणाले, सायमन माणूस चांगला आहे, वादच नाही. पण मंडळ चालवणं म्हणजे कॉयर बसवणं नव्हे. लोकांना काय, हसून बोललं की पुरे. आणि त्याच्याकडे कुठला विचार आहे? तो आवाज ऐकला आणि मी जागच्या जागी थांबले. तो माझाच आवाज होता. मुक्ता माणूस चांगली आहे, वादच नाही, पण. सहा महिने मी मनातल्या मनात हेच बोलत आले होते, ह्याच सुरात. माझा बाप माझ्यासारखाच जळत होता! त्या क्षणी मला त्यांची जितकी माया वाटली तितकी आधी कधी वाटली नव्हती. पण मायेने माणूस गप्प बसतोच असं नाही.

मी हातातलं फडकं ठेवलं आणि म्हणाले, ‘बाबा, तुम्ही त्यांना पडायला उभं केलं होतं.’

मराठीत म्हणाले. बाबांनी मान वर केली. म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी म्हणाले की मी फोन ऐकला होता. ‘तुझी माणसं’ म्हणालात तुम्ही त्यांना. मंडळ सगळ्यांचं म्हणता, मग त्यांची माणसं वेगळी कशी? ते जिंकू शकतात हे तुमच्या डोक्यातच नव्हतं. त्यांनी मला फोन करून विचारलं काय हवंय ते. तुम्ही आपल्या घरात मला चिठ्ठी दिलीत. बोलता बोलता माझा एक शब्द चुकला, मी तो दुरुस्त केला आणि पुढे गेले.

बाबांनी हळू विचारलं, ‘तू कोणाला दिलास पहिला नंबर?’

‘लोपीसकाकांना. दुसरा तुम्हाला.’

‘दुसरा,’ बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला. पोटची पोर, असं काहीतरी ते पुटपुटले. मग ते बोलायला लागले. की मी काय कमी केलं वसईकरांसाठी, त्यांचा नाताळ कोणी मांडला, ठराव कोणी आणला. मी म्हणाले, त्यांच्यासाठी करणं वेगळं आणि त्यांच्या मागे उभं राहणं वेगळं. हे वाक्य बसच्या खिडकीशी जुळवलेलं नव्हतं, तेव्हाच आलं. ते म्हणाले, नुसत्या चांगुलपणाने काही बदलत नाही, विचार लागतो, संघटना लागते. मी म्हणाले, विचार तुमच्याकडे आहे, मग समोरच्या माणसाला त्याचा विचार का नाही विचारत कधी? आई ओट्याला टेकून ऐकत होती.

मुक्ताला राहवलं नाही. ती टेबलावर पुढे वाकून म्हणाली, ‘मामा, ॲक्चुअली तिचा पॉइंट बरोबर आहे. आमच्याकडे पण लेबर पार्टीवाले असंच...’

‘मुक्ता, तू थांब जरा,’ बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. ‘मी हिच्याशी बोलतोय.’

आणि त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.